रागावेन, पण दुसऱ्या दिवशी

शेटे सर गेल्याची बातमी मला पूर्णेच्या फलाटावर कळली. दिवाळीनंतर दोन दिवस बहिणीकडे राहून मी परत निघालो होतो. परभणीची गाडी यायला अवकाश होता, म्हणून चहाच्या गाड्याशी उभा होतो. आमच्या शेतकी कॉलेजातून काही वर्षांपूर्वी बाहेर पडलेला एक मुलगा आता पूर्णेत बी-बियाण्याचं दुकान चालवतो. तो लगबगीनं जवळ आला आणि म्हणाला, "साळवे सर, तुमी इथं कसे? तिकडं शेटे सर गेले की पहाटे." मी त्याला म्हटलं, "अरे, परवाच तर भेटलो आम्ही." परवा भेटलेला माणूस आज जात नसतो, असं काहीतरी त्या क्षणी मला खरंच वाटलं असावं. गाडी आली तेव्हा त्यानंच माझी पिशवी आत ठेवली आणि दुकान बंद करायलाही न जाता तसाच माझ्यासोबत डब्यात चढला.

आम्ही पोचलो तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणे सरांना बसवलं होतं. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात झेंडूचा हार, पाठीशी लोड. माझ्या ओळखीत आजवर जे गेले ते आडवे होऊन गेले. मित्राला असं समोर बसलेलं पाहणं मला जड गेलं. डोळे मिटून बसायची त्यांची सवयच होती. वर्गात एखादा मुलगा चुकीचं उत्तर देऊ लागला की ते असेच बसत, त्याचं पूर्ण होईपर्यंत. ... हृदयाचं दुखणं होतं, ते डॉक्टरांना ठाऊक होतं, वहिनींना ठाऊक होतं, मला नव्हतं. अंगणात जमलेल्यांत मोटरसायकलवाली पोरं बरीच होती आणि त्यांतल्या कितीतरी जणांनी आपल्या गाड्या कोपऱ्यापर्यंत ढकलत नेऊन तिथं लावल्या होत्या. सरांच्या दारात त्या दिवशी कुणी गाडी चालू केली नाही.

महालिंग शेटे आमच्याकडे शेतीची अवजारं आणि ट्रॅक्टर शिकवायचे, मी ग्रंथालयात. आमचं जमायचं तसं काही कारण नव्हतं. ते तास संपवून, ऑइलचे हात चिंधीला पुसत वाचनालयाच्या दारात उभे राहत आणि हात स्वच्छ नसल्यामुळे वर्तमानपत्राला न शिवता मला विचारत, "काय म्हणतंय आज?" मी मथळे वाचून दाखवायचो. असं करता करता मैत्री झाली. डोक्यावर पांढरी टोपी, नेहरू शर्ट, चालणं सावकाश. त्यांनी आवाज चढवलेला मी ऐकला नाही, तरी पोरं त्यांना फार वचकून असत. ते व्हरांड्यातून येताना दिसले की सिगरेटी चुरगळल्या जात, खांबाला टेकलेली पाठ सरळ होई. हैदराबाद संस्थानाच्या काळात वाढलेल्या आमच्या पिढीनं त्याला अदब म्हटलं. मोठ्यांपुढं पायावर पाय टाकून बसायचं नाही, विडी ओढायची नाही, आणि जे काही करायचं ते त्यांच्या नजरेआड. मोठ्यांनीही माहीत असून नसल्यासारखं करायचं. दोन्ही बाजूंनी हे इतकं सफाईनं चालायचं, की यात कुणाचा जीव जाऊ शकतो हे कुणाच्या मनात आलं नव्हतं.

तो बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरचा पहिला हिवाळा. मधली वर्षं हुरडा म्हणजे काय हेच लोक विसरले होते, कारण शेतात कणीसच नव्हतं. त्या वर्षी ज्वारी अशी आली की माणूस आत शिरला तर दिसू नये. गावोगाव हुरड्याची बोलावणी सुरू झाली. आमच्या शेवटच्या वर्षाच्या पोरांनीही पेडगावला, त्यांच्यातल्या एकाच्या मामाच्या शेतात, हुरडा ठेवला आणि सरांना बोलावलं. मलाही बोलावलं होतं, पण मी तापानं पडलो होतो. त्यामुळे त्या दिवसाचं जे लिहितो आहे ते सरांकडून आणि पोरांकडून ऐकलेलं आहे.

सर दुपारच्या गाडीनं पेडगाव स्टेशनवर उतरले आणि बांधानं चालत शेतावर गेले. पोरांनी आगटी पेटवली होती. कणसं भाजून, हातावर चोळून, गरम दाणे त्यांच्यापुढं आले. जवसाची चटणी, गूळ, दही. सरांनी नेहमीप्रमाणे हजेरी घेतल्यासारखं सगळ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "मनोहर दिसत नाही?" कुणीतरी म्हणालं, "त्याचं पोट दुखायला लागलं सर, गेला तो गावाकडं." मनोहर मानवतचा. वडिलांचं कापसाच्या अडतीचं दुकान. त्यांनी त्याला त्या वर्षी नवी मोटरसायकल घेऊन दिली होती आणि ती वर्गात सगळ्यांची झाली होती. सर म्हणाले, "पोट दुखतं म्हणून हुरडा सोडून जाणारा पहिलाच पाहिला," आणि पोरं जरा जास्तच मोठ्यानं हसली. तासाभरानं रस्त्याकडून एक माणूस ज्वारीतून वाट काढत धावत आला. मानवतकडे निघालेल्या कापसाच्या बैलगाडीवर मागून मोटरसायकल आदळली होती. उजेड होता, रस्ता सरळ होता. बैल उधळून शेतात गेले, गाडीवान वाचला... मनोहर जागीच गेला होता.

सर त्याच्याजवळ पोचणाऱ्यांत पहिले होते. त्यांनी आपल्या टोपीनं त्याचं तोंड झाकलं. त्याच्या श्वासाचा प्रश्न उरला नव्हता, पण कपड्यांना दारूचा वास होता, आणि खिशातून बडीशेपेची पुडी फुटून रस्त्यावर सांडली होती. त्या बडीशेपेचा अर्थ सरांना त्या वेळी लागला नाही.

पुढं काही दिवस कॉलेजात सुन्न वातावरण होतं, मग ते ओसरलं, तसं ओसरतंच. सरांनी मात्र धरून ठेवलं. पोरांना शिकवलं पाहिजे, असं ते म्हणत राहिले. प्राचार्यांची परवानगी घेऊन त्यांनी सभागृहात व्याख्यान ठेवलं. माझ्याकडून आरोग्यावरची दोन-चार जाडजूड पुस्तकं नेली, रात्ररात्र नाही पण रविवार घालवून टिपणं काढली, फलकावर मेंदूची आकृती रंगीत खडूंनी काढली. दारू पोटातून रक्तात कशी जाते, हाता-पायांना निरोप पोचायला उशीर कसा होतो, हे सगळं त्यांनी नीट सांगितलं. पोरांनी निमूट ऐकलं. शेवटी शंका विचारा म्हटल्यावर दत्ता नावाचा एक वांड मुलगा उभा राहिला.

"सर, तुमी कधी घेतलीय का?"

"नाही."

"मंग तुमाला कसं माहीत हो एवढं?"

सभागृह हसलं. सरही हसले, पण खाली उतरताना खडू हातातच राहिला होता. टाळ्या भरपूर पडल्या. त्याच संध्याकाळी तीच पोरं दोन गाड्यांवर सहा जण बसून गावाबाहेरच्या हातभट्टीकडे गेली, हे दुसऱ्या दिवशी शिपायापासून सगळ्यांना ठाऊक झालं. शिक्षकांच्या खोलीत एकानं म्हटलंच, "शेटे, तुमच्या व्याख्यानानं पोरांना तहान लागली वाटतं."

त्यानंतरच्या आठवड्यात भगवान ग्रंथालयात आला. हा पूर्णेचा, रेल्वेतल्या गँगमनचा मुलगा, मनोहरचा खोलीमित्र. पुस्तक परत करायचं निमित्त होतं. सर खिडकीशी बसले होते. तो त्यांच्यापुढं उभा राहिला, पुस्तकाचा कोपरा दुमडत राहिला, आणि एकदम म्हणाला, "सर, त्याचं पोट नव्हतं दुखत."

सर म्हणाले, "माहीत आहे मला. तो प्यायला होता."

"ते न्हाई सर. तुमी यायलात म्हणून तो निघाला."

मग त्यानं सांगितलं. दुपारची गाडी कधी वेळेवर येत नाही. सर येईपर्यंत सगळं उरकेल, तोंडं धुऊन होतील, असा पोरांचा हिशेब होता. त्या दिवशी गाडी वेळेवर आली. ज्वारीच्या वर बांधावरून पांढरी टोपी येताना दिसली आणि कुणीतरी ओरडलं, "सर आले, सर आले!" बाटली ज्वारीत गेली. ज्यांनी थोडी घेतली होती त्यांनी गूळ खाल्ला, दही खाल्लं. मनोहरला जास्त झाली होती. त्यानं मूठभर बडीशेप तोंडात कोंबली, दोनदा उठून उभा राहिला, आणि म्हणाला, "असं तोंड घेऊन सरांसमोर कसं जायचं बे? मी जातो. काही पण सांगा." भगवाननं गाडीचं हँडल धरलं होतं. "मी सोडायलो नव्हतो सर. पण तुमी लय जवळ आलते..."

भगवान गेला. मी उगाच पुस्तकांवर शिक्के मारत राहिलो. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "साळवे, मी त्या दिवशी पुढची गाडी घेतली असती तर?" मी म्हटलं, असा विचार करू नये. ते म्हणाले, "गाडीचा विचार करतच नाही मी. गाडी वेळेवर येणारच कधीतरी. माझ्या टोपीचा विचार करतोय."

पुढच्या रविवारी ते मानवतला गेले आणि मला सोबत घेऊन गेले. मनोहरचे वडील दुकानाच्या मागच्या खोलीत गादीवर बसले होते. आम्हाला पाहून उठले, पाणी मागवलं. मला वाटलं होतं सर वळणावळणानं बोलतील. त्यांनी दोन वाक्यांत सगळं सांगून टाकलं: तो प्यायला होता, आणि मला तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून त्या अवस्थेत गाडीवर बसला. वडिलांनी ऐकून घेतलं. मग स्वतःशी बोलल्यासारखे म्हणाले, "माझ्यापुढं त्यानं कधी सुपारीसुद्धा खाल्ली नाही सर. मी बाजारात अभिमानानं सांगायचो, पोरगं लय वळणाचं हाय म्हणून." आत कुठंतरी बाईमाणसाच्या रडण्याचा आवाज आला आणि थांबला. "पिऊन घरी आला असता तर मी मारला असता. खोटं कशाला बोलू? पट्ट्यानं मारला असता. पण मार खाऊन घरात राहिला असता की हो... त्याला ते कसं कळलं नाही?"

परत येताना, पेडगावचा फाटा मागं पडल्यावर, सर म्हणाले, "त्याला कसं कळणार? आपण कुणी कधी सांगितलंच नाही."

त्यांनी जे ठरवलं ते मला पटलं नव्हतं, आणि हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलं होतं. ट्रॅक्टरच्या प्रात्यक्षिकाच्या मैदानावर त्यांनी पोरांना गोळा केलं. जमिनीवर चुन्याच्या रेघा मारल्या. एकेकाला ट्रॅक्टरवर बसवलं, आपण टाळी वाजवली की ब्रेक दाबायचा, असं त्याला सांगितलं. प्रत्येक जण टाळीची रेघ ओलांडून पुढंच जाऊन थांबला, चपळ म्हणवणाराही. पोरं एकमेकांची चेष्टा करत होती. सर म्हणाले, "हे शुद्धीत असताना. सकाळची वेळ, पोटात भाकरी, आणि टाळी वाजणार हे माहीत असताना. आता बाकीचं तुमचं तुम्ही समजा. मला मेंदूची आकृती काढता येते, पण तिचा उपयोग झाला नाही." मग इंजिन बंद करायला लावलं आणि ज्यासाठी बोलावलं होतं ते सांगितलं. दारू वाईटच आहे, पिऊ नका, हे मी मरेपर्यंत सांगणार. पण प्यायलात आणि मी समोर आलो तर पळू नका. बसा तिथंच, माझ्यापुढं. प्यायलात आणि जवळ गाडी असली, तर माझ्या घरी या. घर रस्त्यावर आहे, कुणाला विचारायला नको. प्राचार्यांना सांगणार नाही, तुमच्या बापाला सांगणार नाही.

मागून कुणीतरी विचारलं, "आन् रागावणार न्हाई का सर?"

"रागावेन," सर म्हणाले. "पण दुसऱ्या दिवशी."

त्यांचं घर पेडगावकडून शहरात शिरणाऱ्या रस्त्याच्या वळणावर. त्या रस्त्याच्या अंगाला शेतं, आणि हिवाळ्यात पोरांची ये-जा. सोय म्हणून हे ठीक होतं. पण ज्या घरात रोज सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय कुणी पाणी पीत नव्हतं, जिथं कांदासुद्धा जपून चिरला जायचा, तिथं प्यायलेल्या पोरांना या म्हणायचं... गंगाबाई वहिनींनी हे बाहेरून ऐकलं, शेजारणीकडून. मी नेमका त्या संध्याकाळी तिथं होतो. "साळवे भाऊजी, तुमी तरी सांगा ह्यांना," त्या म्हणाल्या. "गल्लीत लोक म्हणायलेत, शेटे सरानं दारुड्यायची धर्मशाळा काढली. उद्या मठात मी कोणत्या तोंडानं जाऊ?" सर म्हणाले, "तुझं तोंड आणि माझी टोपी, दोन्ही सांभाळत बसलो तर आणखी एक पोरगं जाईल." त्या म्हणाल्या, "बोलण्यात तुमी ऐकायचे न्हाईत. मी आतल्या दाराला कडी लावून बसत असते, सांगून ठेवते."

मी वहिनींच्या बाजूनं होतो. आमच्या घरातली गोष्ट वेगळी होती. छप्पन साली आमच्या माणसांनी दीक्षा घेतली तेव्हा दारू न पिण्याची प्रतिज्ञा घेतली, आणि माझ्या चुलत्यांसारख्या माणसानं, ज्याला शिंदीशिवाय दिवस जात नसे, ती पाळून दाखवली. का पाळली? वस्तीत आपल्या माणसांपुढं मान खाली जाऊ नये म्हणून. मी सरांना म्हटलं, "लाजेनं आमची घरं वाचली आहेत. तुम्ही तीच काढून घेताय." सर बराच वेळ टेबलावरची पेन्सिल फिरवत बसले. मग म्हणाले, "लाज पिण्याआधी पाहिजे साळवे. तुमच्या चुलत्यांना ती आधी वाटली. प्याल्यानंतर तिचा काही उपयोग नाही. ती फक्त पळायला लावते." आजही या वादात आपली बाजू पूर्ण हरली असं मला वाटत नाही, पण हे वाक्य मला खोडता आलेलं नाही.

प्राचार्यांनी बोलावून समज दिली. शिक्षकांच्या खोलीत टोमणे सुरू राहिले, "काय शेटे, आज गिऱ्हाईक किती?" असं एक जण रोज विचारायचा. पुढच्या हुरड्यापर्यंत त्यांच्या दारात कुणी फिरकलं नाही. सर रविवारी कुठं जाईनासे झाले. दुपारी पुढचं दार उघडं टाकून ओसरीवर उत्तरपत्रिका घेऊन बसायचे. मी कधी गेलो तर बोलता बोलता त्यांचं लक्ष रस्त्याकडे असायचं. गाडीचा आवाज आला की हातातला कागद तसाच थांबायचा, आणि गाडी निघून गेली की ते पुन्हा खाली बघायचे. ती गाडी शुद्धीतल्या माणसाची होती की कसं, हे कळायला मार्ग नव्हता. लोक हसत होते याचं त्यांना फार वाटत नव्हतं. पोरांनी विश्वास ठेवला नाही, तर मनोहर गेला त्यातून आपण काहीच बदललं नाही, ही धास्ती त्यांना होती. एकदाच म्हणाले, "मीही त्यांच्या जागी असतो तर आलो नसतो. पन्नास वर्षांची सवय एका तासात मोडत नाही."

पौषातल्या एका दुपारी मी तिथं असताना दारात मोटरसायकल येऊन थांबली. थांबली म्हणण्यापेक्षा कुंपणाच्या करवंदीला टेकली. आणि तिच्यावरून कोण उतरावं? दत्ता, भर सभागृहात सरांची फिरकी घेणारा. त्याच्यामागं आणखी एक, जवळजवळ झोपलेला. दत्ता पायरीशी उभा राहिला, सावधान उभं राहायचा प्रयत्न करत. "सर," तो म्हणाला, "मी पळालो न्हाई बरं का... लक्षात ठेवा." सर उठले, त्याच्या हातातून गाडी घेतली आणि ढकलत अंगणात आणून उभी केली. दुसऱ्याला खांद्याला धरून ओसरीवर आणलं. मी भिंतीशी उभा होतो, काय करावं ते मला सुचत नव्हतं.

आतल्या दाराची कडी वाजली. वहिनी तांब्या घेऊन बाहेर आल्या. पदर नाकाला लावलेला. "पाय धू आधी," त्या दत्ताला म्हणाल्या. "आन् उलटी आली तं तिकडं परसात. हितं केलीस तं तुझ्याकडूनच सारवून घेईन, प्यालेला हाईस का न्हाईस ते पाहणार न्हाई." दत्ता म्हणाला, "हो काकू." त्या आत गेल्या आणि ताकाचे दोन गडवे घेऊन परत आल्या. ते दोघं तिथंच सतरंजीवर आडवे झाले. सर पुन्हा उत्तरपत्रिकांना लागले. मधेच दत्तानं डोळे उघडून विचारलं, "सर, रागावा की." सर म्हणाले, "झोप. उद्या." दिवस कलल्यावर पोरं उठली, तोंड धुतलं, मान खाली घालून निघाली, गाडी अंगणातच ठेवून, पायी.

दुसऱ्या दिवशी सर खरंच रागावले. ग्रंथालयाच्या कोपऱ्यातल्या खोलीत, दार लावून. त्यांचा आवाज बाहेर येत नव्हता, पण दत्ता बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. तो माझ्या टेबलाशी थांबला. "मनोहरच्या बापाकडं जाऊन आलेत म्हणे तुमी दोघं," तो म्हणाला. "सरानं सगळं सांगितलं मला. सर, ह्याच्यापेक्षा पट्ट्यानं मारलं असतं तं बरं झालं असतं."

त्यानंतर पोरं येऊ लागली. वर्षाला चार-दोन, कधी अधिक. काही पिऊन, काही प्यायलेल्या मित्राला घेऊन, आणि एक जण नुसताच, "आज प्यायचं मन लय व्हायलंय सर, म्हणून आधीच आलो," असं म्हणत. तो बसून भुईमुगाच्या शेंगा खाऊन गेला. सरांच्या मते तो सगळ्यांत मोठा दिवस होता. सगळे वाचले असं मात्र मी लिहिणार नाही. पूर्णेच्या रस्त्यावरच्या अपघातात एका पोराचा पाय गेला. तो सरांच्या दाराकडे वळला नव्हता. सर त्याला बघायला दवाखान्यात जात राहिले. मी म्हटलं, "त्याला तुमचं घर माहीत होतं." ते म्हणाले, "माहीत होतं. पण त्या बाजूनं लांब पडलं त्याला." दुसऱ्या बाजूच्या रस्त्यावर राहणाऱ्या एका शिक्षकाला त्यांनी पुढं खूप विनवलं, की तुम्हीही असं दार उघडं ठेवा. तो तयार झाला नाही. त्याला मी दोष देत नाही. मी स्वतः स्टेशनच्या बाजूला दोन खोल्यांत राहतो, आणि माझ्याकडे कुणी यावं असं मी कधी म्हटलं नव्हतं.

गेल्या रविवारी मी वहिनींकडे गेलो. सर जाऊन आता काही आठवडे झाले आहेत. ज्वारी निसवली आहे, आणखी थोड्या दिवसांनी आगट्या पेटतील. वहिनी ओसरीवर बसून तूर पाखडत होत्या. पुढचं दार सताड उघडं. मी म्हटलं, एकट्या असता, दुपारचं दार लावून घेत जा. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"भाऊजी, एक काम करा. तुमच्या वाचनालयात पोरं येतेत नं? त्यायला सांगा. सर न्हाईत म्हणून काकूच्या घरी कसं जायचं, असं म्हणून पोरं लाजायची आता. बाईमाणसापुढं तर आणखीनच. सरळ पुढं निघून जायची." त्यांनी मांडीवरची तूर झटकली. "सांगा, काकू रागावत बी न्हाई. ते काम सरांचं होतं, मला जमायचं न्हाई. ताक हाय. सतरंजी हाय. कोणी काही इचारणार न्हाई."

मी सांगतो म्हणालो. पोरांना सांगितलंही, आणि ज्यांच्यापर्यंत माझा आवाज पोचत नाही त्यांच्यासाठी इथं लिहितो आहे.

त्या रविवारी वहिनींशी बोलत असतानाच पेडगावकडून मोटरसायकलचा आवाज आला. वहिनींचे हात थांबले. त्या उठून दाराच्या चौकटीत जाऊन उभ्या राहिल्या, पदर खोचून, कुणाला तरी धरून आत आणावं लागेल अशा तयारीनं. गाडी वळणावर हळू झाली, नीट वळली, आणि समोरून निघून गेली. वर एक मुलगा होता, आमच्यातल्या कुणाच्या ओळखीचा नसलेला.

"हा शुद्धीत हाय," वहिनी म्हणाल्या, आणि सूप उचलून पुन्हा पाखडायला बसल्या.